हस्तलिखितासाठी लेख घेताना : तिसरी-चौथीच्या वर्गशिक्षकांसाठी सूचना

नमस्कार,

शाळेच्या हस्तलिखित वार्षिक अंकासाठी मुलांचे लेख येत्या शनिवारपर्यंत जमा करायचे आहेत. त्याआधी एक कळकळीची विनंती.

गेल्या खेपेला 'माझी आई'वरचे बरेचसे निबंध गाइडमधून जसेच्या तसे उतरवलेले होते. सगळ्यांची आई 'वात्सल्यसिंधू'! त्यातच एका मुलीने लिहिलं होतं, "आई कापूस वेचून आली की तिच्या बोटांना बोंडाचे काटे लागलेले असतात, म्हणून भाकर मी कुस्करते." हे वाक्य कुठल्याच गाइडात सापडणार नाही. मुलांना वर्गात ते वाचून दाखवा. शुद्धलेखन नंतर पाहू. घरच्या अहिराणीतला किंवा लेवा बोलीतला शब्द आला तर तो खोडू नका. कविता, म्हण किंवा चित्र दुसऱ्याचं असेल, तर खाली त्याचं नाव लिहायला आत्तापासूनच शिकवा.

दुसरं म्हणजे मतं. भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजावीत की गॅसवर, यावरून चौथीच्या वर्गात भांडण जुंपलं होतं. दोन्ही बाजू लिहून घ्या, दोन्ही अंकात शेजारी-शेजारी घेऊ. फक्त लिहिण्याआधी प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं. हे मुलांना जमतं, मी करून पाहिलं आहे. "तुझं चूक" ऐवजी "मला असं वाटतं, कारण..." एवढं फळ्यावर लिहून ठेवा.

अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. आपल्याला वर्षातून एकच अंक काढायचा आहे, तो मुलांच्याच शब्दांत निघू द्या.

कोरे कागद ऑफिसात ठेवले आहेत.