‘मेंदूत रक्तस्राव’ एवढेच लिहिले होते

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, एवढेच.

पत्रास कारण परवा माझ्याकडे कोडिंगसाठी, म्हणजे निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक लावण्यासाठी, आलेली एक फाइल. घरात जमिनीवर पडलेले आढळलेले वृद्ध गृहस्थ, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि डिस्चार्ज समरीत निदानाच्या जागी ‘मेंदूत रक्तस्राव’ एवढेच. सीटी स्कॅनच्या अहवालात मात्र ड्यूराखाली चंद्रकोरीसारखा रक्तसंचय नोंदवलेला होता. म्हणजे रक्त मेंदूत नव्हतेच, त्याच्या आवरणाखाली होते. समरीवर विसंबून आय६१ हा कोड लावला असता, तर मेंदूच्या आतच आपोआप रक्तस्राव झाल्याची नोंद कायमची राहिली असती. सबड्यूरल, म्हणजे ड्यूराखालचा, धरावा, तरी मार लागून झाला असल्यास एस०६.५ आणि आपोआप झाला असल्यास आय६२.०. गृहस्थ पडले म्हणून रक्त साचले, की आधी साचलेल्या रक्ताने तोल गेला, याबद्दल अवाक्षर नव्हते. शुद्ध हरपली होती का आणि किती वेळ, हेही नव्हते, आयसीडी-१०-सीएम या कोडच्या यादीत एस०६.५ चा सहावा अंक त्यावरच ठरतो.

‘रुग्ण वाचला ना, मग कोडचे काय घेऊन बसलास?’ असे म्हणून तू पूर्वी माझ्याशी कडाकडा भांडायचास. पण आपोआप झालेला रक्तस्राव म्हटले की पुढचा डॉक्टर रक्तदाब आणि धमनीचा फुगवटा शोधू लागतो. मार लागून झाला म्हटले की रुग्ण का पडला, हे विचारतो. चुकीची नोंद त्या माणसाबरोबर पुढच्या प्रत्येक दवाखान्यात जाते, हे मी तुला तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

कारण ठरवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम, म्हणून त्यांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी विचारणा, पाठवली. त्यातही ‘मार लागूनच झाला ना?’ असे उत्तर सुचवून चालत नाही. नोंदी समोर ठेवून प्रकार, कारण आणि शुद्धीबद्दल मोकळे विचारावे लागते. उत्तर आले: गृहस्थ पायरीला अडखळले, डोके आपटले, शुद्ध गेली नव्हती. सुनेने हे दाखल करतानाच सांगितले होते; लिहायचे तेवढे राहिले होते. एस०६.५ लागला, पण जिथे क्वेरीला उत्तरच येत नाही, त्या फायलींचा विचार डोक्यातून जात नाही.

तू निवासी डॉक्टरांना शिकवतोस. रक्त नेमके कुठे, कोणत्या बाजूला, मार लागून की आपोआप, शुद्धीचे काय आणि औषधे कोणती, एवढे पहिल्याच रात्री लिहायची सवय त्यांना लाव, ही विनंती.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक