स्लॅबवर तळे, कॉलम मात्र कोरडे

संपादक महोदय,

पावसाच्या आत स्लॅब उरकण्याची घाई विदर्भात दर मे महिन्यात असते आणि नेमकी त्याच उन्हात क्युरिंगची, म्हणजे सिमेंट पक्के होईपर्यंत काँक्रीट ओले राखण्याची, आबाळ होते. सकाळ-संध्याकाळ पाईप मारला की झाले, असा समज पक्का आहे. वास्तविक सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी घातले, तर सिमेंट घट्ट होण्याच्या प्रक्रियेला त्यातले १९ ते २१ लिटर पुरते. गरजेचे पाणी काँक्रीटमध्ये आधीच असते. ते उडू द्यायचे नाही, एवढेच काम. दोन पाण्यांच्या मधे पृष्ठभाग वाळला की तिथली प्रक्रिया थांबते, आणि वाळणे-भिजणे चालू राहिले की बारीक भेगा पडतात.

स्लॅबवर पाणी साठवण्याची आळी (मसाल्याचे छोटे बांध) बहुधा दुसऱ्या दिवशी होतात. भेगा मात्र पहिल्या काही तासांतल्या असतात. फिनिशिंगनंतर वरची पाण्याची चमक गेली की लगेच प्लॅस्टिक अंथरून कडा दाबाव्यात, सेट झाल्यावर ओले गोणपाट टाकावे. मग कमी सिमेंटच्या मसाल्याची आळी करून ४० ते ५० मि.मी. पाणी ठेवावे. हजार चौरस फुटांना ४० मि.मी. म्हणजे सुमारे ३,७०० लिटर, शिवाय रोजची भर. टँकर परवडत नसेल तर ओले गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक पुरते.

खरी हयगय कॉलमची. साचा दुसऱ्या दिवशी निघतो आणि मारलेले पाणी ओघळून जाते. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळावे, वरून प्लॅस्टिक लपेटावे आणि माथ्यावरून पाणी झिरपत राहील अशी सोय करावी. सुकलेले गोणपाट उलट काँक्रीटमधलेच पाणी ओढते. कॉलमचा गाभा सहसा ओला राहतो. सुकते ते बाहेरचे ४० मि.मी. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), आणि सळईला गंजापासून वाचवणारे तेवढेच असते. क्यूबच्या (ताकद तपासायला त्याच काँक्रीटच्या भरलेल्या ठोकळ्यांच्या) रिपोर्टवर विसंबू नये. क्यूब २८ दिवस टाकीत बुडालेले असतात, कॉलम उन्हात!

दिवसांचाही घोळ आहे. ‘सात दिवस’ हा आकडा ओपीसीचा, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचा. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, आय.एस. ४५६ (२०००) नुसार, कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस आणि पीपीसीसारख्या (फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची बारीक राख मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे, कारण फ्लाय ॲशची प्रक्रिया संथ चालते. घरबांधणीला हल्ली बहुतेक पीपीसीच येते. गोणीवर तसे छापलेले असते, ते वाचावे.

आपल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण. बोअरच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त असेल तर ते आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) चालत नाही, मिसळायलाही नाही आणि क्युरिंगलाही नाही. तिथे क्युरिंग कंपाउंड, म्हणजे आतले पाणी उडू न देणारा फवारायचा लेप, बरे. लिटरमध्ये साधारण ४ ते ५ चौरस मीटर होते, तरी डब्यावरचा आकडा पाहावा. स्लॅबवर चमक जाताच आणि कॉलमवर साचा काढताच पृष्ठभाग ओला करून फवारावे. गिलावा करायचा असेल तिथे मेणाचे कंपाउंड नको, गिलावा धरत नाही.

ठेक्यात ‘क्युरिंगसह’ असे मोघम न लिहिता दिवस, गोणपाट, पाणी आणि माणूस कोणाचा हे वेगळ्या कलमात लिहावे, आणि प्रत्येक कॉलमवर भरल्याची तारीख रंगाने टाकून घ्यावी.

– एक स्थापत्य अभियंता, अकोला