माकडटोपीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. परवाच्या अमावास्येला माळावरच्या आकाशदर्शनात दुर्बिणीशेजारी माकडटोपी घालून उभे होतात ते तुम्ही. आणि 'तारे लुकलुकतात, मग गुरू का नाही?' असं विचारणारी चौथीतली पोरगी माझी.

हा प्रश्न तिने आधी वर्गात विचारला होता. 'आहे तेवढं पाठ कर,' हे उत्तर. पुन्हा विचारला तर वहीत लाल शेरा : फाजील प्रश्न विचारते. मी तरी काय दिवे लावले? 'तारे डोळे मिचकावतात गं' म्हणत पोळ्या लाटत राहिले. मग तिने विचारणंच सोडलं होतं.

तुम्ही मात्र दुर्बीण सोडलीत आणि तिच्याशेजारी ढेकळांत फतकल मारून बसलात. गुडघे कटकन वाजले ते मलाही ऐकू आलं. मागे शनी बघायला ही लांब रांग. कुणीतरी ओरडलं, 'काका, आटपा!' तुम्ही मानही न वळवता म्हणालात, 'शनी कुठे पळून जात नाही.' त्या बसण्याचेच आभार मानायचेत. बाकीचं पुस्तकातही सापडलं असतं.

सापडलं असतं, पण असं नाही. चहाच्या शेगडीवरच्या तापलेल्या हवेतून तुम्ही तिला लांबच्या वाडीतला दिवा बघायला लावलात. तो थरथरत होता. मग पूर्वेला नुकताच वर आलेला व्याध. घटकेत निळा, घटकेत लाल. तिथला प्रकाश ८.६ वर्षं नीट येतो आणि अगदी दाराशी पोचल्यावर आपल्याच गार-गरम हवेत धडपडतो, ताऱ्याचा काही दोष नाही, हे ऐकून केवढी हसली ती! क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, म्हणून तिथे थरथर जास्त, रंगही फाकतात. १९९० साली हबल दुर्बीण हवेच्या वर का नेऊन ठेवली, ते मलाही तेव्हाच उमगलं.

आणि गुरू? 'दिंडीत एकच टाळकरी असला तर त्याची चूक लगेच कळते. शंभर टाळ वाजत असले तर?' तारा इतका लांब की नुसता ठिपका, एकटा टाळकरी. गुरूची मात्र चकती. तिच्यातल्या असंख्य ठिपक्यांची थरथर एकमेकींत जिरून जाते. मिथुनेत शांत तेवणाऱ्या गुरूकडे बघत ती म्हणाली, 'म्हणजे त्याची अख्खी दिंडी आहे.'

मोठ्या पदव्यांची माणसं पुष्कळ पाहिली, काका. पोरासोरांच्या प्रश्नासाठी जमिनीवर बसणारी फार थोडी. त्यांची नावं फलकावर नसतात. बहुतेक वेळा चहाची शेगडीही तीच पेटवतात.

आता जेवण झालं की ती गच्चीवर पळते, व्याध वर चढल्यावर कमी लुकलुकतो का ते बघायला. नोंद त्याच वहीत, लाल शेऱ्याच्या मागच्या पानावर. शनी तेवढा राहिला आमचा, आमची पाळी येईस्तोवर तो मावळला होता. हळहळले तर मलाच म्हणते, 'कुठे पळतोय?'

तुमची ऋणी,
फाजील प्रश्नवालीची आई