आजीचा तवा तिकडेच राहू दे

ती. आई-बाबांना सा. न.

तुमची इकडे यायची तिकिटं काढली. बाबा, रागावू नका. विचारत बसले असते तर पुन्हा 'दिवाळीनंतर बघू' झालं असतं. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास आधी शेजारच्या वहिनींना आला, हे दादाने सांगितल्यापासून मला झोप नाही. आई, तुला आता जमत नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. असं कुणाच्याही हातून होतं.

इथे जर्मनीत, माइन्झला माझ्याकडे गॅसच नाही. काळ्या काचेची शेगडी आहे, काचेखाली तार तापते. बाबा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, ही काच याच गावातल्या शॉट कंपनीने 1971 साली पहिल्यांदा लोकांपुढे आणली. इंडक्शन मी मुद्दाम घेतली नाही. पेसमेकर असलेल्या माणसाने तिच्यापासून दोन फूट लांब राहायचं असतं, आणि तुम्ही तर सकाळचा चहा उकळेपर्यंत पातेल्यावर वाकून उभे असता. ह्या शेगडीची तशी काळजी नाही.

आता आई, तुझी बॅग. आजीचा बिडाचा तवा आणू नकोस. त्याचं बूड खरखरीत आहे, जरा सरकवला तरी काचेवर चरे पडतील. अल्युमिनियमची कढईही नको. गोल बूड काचेला मधोमध तेवढंच टेकतं, तेल तापता तापत नाही, शिवाय राखाडी डाग उठतात. एखादं भांडं आणावंसंच वाटलं तर पालथं घालून बुडावर पट्टी आडवी धर. पट्टीखालून उजेड दिसला तर ते राहू दे.

मी सगळं आणून ठेवलंय. जाड सपाट बुडाची स्टीलची कढई, शेगडीच्या वर्तुळाएवढाच तवा, आणि फ्रँकफर्टच्या देशी दुकानातून स्टीलचा कुकर. शिट्टी अगदी आपल्या घरातल्यासारखी वाजते. भाकरी जाळावर टाकता येत नाही, पण तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबली की फुगते. परवा एक टम्म फुगली आणि मला एकदम आपला ओटा आठवला. शाळेतून आले की तू पहिल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत लोणी सोडायचीस आणि मी फुंकर मारत उभी. आई, ये गं लवकर.

दोन गोष्टी मात्र ऐकायच्याच. बंद केल्यावरही तांबडा दिवा आहे तोवर काच तापलेली असते, तिला हात लावायचा नाही. आणि गुळाचा पाक सांडला तर मला लगेच हाक मारायची. तो गार होऊन चिकटला की काचेचा टवका निघतो, गरम असतानाच पात्याने खरवडावा लागतो. ते मी करीन. वरून डबा पडला तर काच तडकेल म्हणून शेगडीवरची फळी रिकामी केली आहे.

बाबा, गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि त्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

आई, तवा कुणाला देऊन टाकू नकोस. तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून फडताळात ठेव. परत गेलीस की तुला लागेल.

तुमची,
छकुली