चिऊ, एमिलियाचा रोल छोटा नाही गं

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू रडलीस आणि मी नेहमीसारखं "जाऊ दे गं, पुढच्या वेळी मिळेल" म्हणून फोन ठेवला, पण नंतर रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. म्हणून लिहितेय, मोबाईलवरच टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घे.

"डेस्डेमोना गोरीच पाहिजे, तू एमिलिया कर" असं तुझ्या डायरेक्टरने तोंडावर सांगितलं ना, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. नाटक कुठलं तर शेक्सपिअरचं ऑथेल्लो! ज्या माणसाला त्याच्या काळ्या रंगावरून अख्खं व्हेनिस पाठीमागे बोलतं त्याचं नाटक बसवायचं आणि पोरींना रोल मात्र रंग बघून द्यायचे. 1604 साली लंडनच्या राजवाड्यात पहिल्यांदा झाल्याची नोंद आहे त्या नाटकाची, आणि आपण अजून तिथेच.

कॉलेजला असताना सावानातून, म्हणजे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, तात्यासाहेबांचं, कुसुमाग्रजांचं मराठी ऑथेल्लो आणून वाचलं होतं मी, परवा परत जाऊन आणलं. तेव्हा नुसती रडले होते, आता वेगळंच काहीतरी दिसलं. ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा बाप बघ, ऑथेल्लोला स्वतः घरी बोलावतो, पुन्हा पुन्हा बोलावतो, लढाईच्या गोष्टी सांगायला लावतो, कौतुक करतो, आणि पोरीने त्याच्याशी लग्न केलं की म्हणतो जादूटोणा केला, नाहीतर माझी पोर अशा माणसाकडे बघणारच नाही. घरी जेवायला चालतो पण जावई म्हणून चालत नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे सांग.

आणि ऑथेल्लोच्या हाताखालचा तो इयागो, बायकोचं दुसऱ्याशी आहे असं त्याच्या मनात भरवणारा, नवीन काहीच बनवत नाही गं. लोक जे आधीपासून बोलतात तेच उचलतो आणि हळूच ऑथेल्लोच्या कानात सोडतो, की बापाला फसवलं तिने, आपल्या रंगाची, आपल्या देशाची स्थळं सोडून तुमच्याकडे आली, हे काही नैसर्गिक नाही. सरळ आरोप करतच नाही, "छे, मला नाही आवडलं हे" एवढं पुटपुटतो आणि गप्प बसतो, मग समोरचाच खोदून खोदून विचारायला लागतो. आणि सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात! शेवटी ऑथेल्लो स्वतःच म्हणतो की मी काळा आहे म्हणूनच असेल. तिथे मी पुस्तक मिटवलं आणि उठून ओट्याशी जाऊन उभी राहिले. आपल्याबद्दलचं लोकांचं बोलणं माणसाला स्वतःलाच खरं वाटायला लागलं की मग बायकोच्या बेइमानीच्या पुराव्याला आपणच तिला दिलेला, दुसऱ्याकडे दिसलेला एक रुमालसुद्धा पुरतो.

आता तुझी एमिलिया. तू म्हणालीस नोकराणीचा रोल आहे. अगं नीट वाच. तिचा नवरा म्हणजे तोच इयागो, तो शंभर वेळा मागे लागलेला असतो म्हणून ती डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल उचलून त्याला देते, त्याचं काय करणार विचारते तर तो हिसकावूनच घेतो. पुढे डेस्डेमोना कासावीस होऊन विचारते, रुमाल कुठे गेला असेल गं? आणि एमिलिया म्हणते, मला नाही माहीत बाईसाहेब. एवढंच वाक्य. मला तर वाटतं सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे, तिथे ती खरं बोलली असती तर कदाचित कोणीच मेलं नसतं. वाईट बाई नाहीये ती, डेस्डेमोनावर जीव आहे तिचा. पण गप्प बसते.

चिऊ, मी पण गप्प बसलेय. तू पाचवीत होतीस, दिवाळीत तुझी मावशी सगळ्यांसमोर म्हणाली की हिचं लग्नाचं जरा अवघडच जाणार, आणि तू दाराआड उभी होतीस, मी बघितलं होतं तुला. मी काही बोलले नाही, उलट दुसऱ्या दिवसापासून तुला बेसन, हळद आणि साय चोळायला लागले. तू विचारायचीस आई हे कशाला, मी म्हणायचे स्किन चांगली राहते. वाटीत कालवलेल्या त्या पिवळ्या लेपाचा वास अजून नाकात आहे माझ्या. मला माफ कर, असं कधी म्हणाले नव्हते, आज म्हणतेय.

शेवटच्या सीनवर खूप मेहनत घे. डेस्डेमोनाला मारून टाकल्यावर ऑथेल्लो एमिलियाला सांगतो की तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं सगळं, आणि ती परत परत विचारत राहते, माझा नवरा? माझा नवरा? प्रत्येक वेळी वेगळं आलं पाहिजे ते, पहिल्यांदा नुसतं न कळल्यासारखं आणि मग एकेक गोष्ट जुळत गेल्यासारखं. इयागो म्हणतो घरी जा, तेव्हा ती म्हणते नवऱ्याचं ऐकायला पाहिजे हे खरं, पण आत्ता नाही. आणि सगळं बोलून टाकते, तो मारून टाकतो तरी थांबत नाही. इयागो मात्र त्यानंतर तोंड शिवूनच घेतो.

रविवारी मावशी आली होती. तुझा नाटकातला फोटो दाखवला तर म्हणाली, लाईटमध्ये पण सावळीच दिसते गं. मी म्हटलं ताई, माझ्या पोरीच्या रंगाबद्दल या घरात परत बोलायचं नाही. हात थरथरत होते माझे, कपबशी वाजत होती. ती चहा अर्धा ठेवून गेली, अजून फोन नाही तिचा. येईल तेव्हा येईल.

रुमाल कुरियर केलाय. मेनरोडवरून पांढरं कॉटन आणलं आणि त्याच्यावर स्ट्रॉबेऱ्या भरल्यात, नाटकात तशाच आहेत म्हणून. मागे सापुताऱ्याच्या रस्त्यावर आपण घेतल्या होत्या ना त्या आठवून भरल्या, लाल दोऱ्यात बारीक पिवळे टाके घातलेत बियांसाठी. ऑथेल्लो म्हणतो तुझा रुमाल लहान आहे, म्हणून लहानच ठेवलाय, अकरा इंच, पण मागच्या रांगेतून दिसावा म्हणून काठाला दुहेरी लाल दोरा घेतलाय. गार पाण्यात धू, रंग जाईल नाहीतर. दोन केलेत, एक रिहर्सलला हरवला तर.

तुझी
आई