पोरांना ऑपेरा ऐकवताना

प्रिय पिंट्या,

"त्या ऑपेराचं पुढं काय झालं रे" हा तुझा मेसेज बघितला आणि उत्तर टाईप करायला घेतलं, पण ते व्हॉट्सॲपवर चार ओळीत बसणारं नाही म्हणून आज रविवारी सकाळीच चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलोय. बाहेर पाऊस लागलाय, पंचगंगा चढायला लागलीय, शाळेला उद्याही सुट्टी लागेल असं वाटतंय, त्यामुळं निवांत लिहितो.

तू म्युनिकहून फोन करून मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेराबद्दल तासभर बोललास ना, तेव्हापासून डोक्यात होतं की आठवीच्या पोरांना हे दाखवायचं. संगीताचा तास आठवड्यातून एकच, तोही 35 मिनिटांचा. पहिल्या तासाला मी काय केलं तर फळ्यावर व्याख्या लिहिली, ऑपेरा म्हणजे गाण्यातनं सांगितलेलं नाटक, मग सोप्रानो, मेझो, टेनर, बॅरिटोन, बास अशी उंच आवाजापासून खर्जापर्यंतच्या आवाजांची नावं लिहिली, फ्लॉरेन्समध्ये 1600 च्या आसपास हा प्रकार सुरू झाला, मग मोंतेवेर्दीचा 'ऑर्फेओ' 1607 चा, मग 1637 ला व्हेनिसमध्ये तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं थिएटर उघडलं, सगळं सांगितलं. मग एक क्लिप लावली. पोरं हसली रे. मागच्या बाकावरनं कुणीतरी तसाच आवाज काढला आणि सगळा वर्ग फुटला. मला त्यांचा राग नाही आला, पण घरी येताना लई वाईट वाटलं, कारण चूक माझी होती, कान तयार करायच्या आधीच मी नावं पाठ करायला दिली होती.

रात्री विचार करत बसलो की आपण दोघं पहिल्यांदा गाण्यानं कधी हललो होतो. तुला आठवतंय का, गणपतीत गल्लीच्या मंडळात लाईट गेली आणि शाहिरांनी माईक बाजूला ठेवून पोवाडा तसाच पुढं चालू ठेवला, पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत शब्द न शब्द ऐकू येत होता. ऑपेराचं मूळ तिथंच आहे ना! माईकशिवाय माणसाचा आवाज सगळ्या थिएटरला पुरवायचा, आणि तो पण समोर पन्नास-साठ वाद्यं वाजत असताना.

म्हणून दुसऱ्या तासाला फळ्याला हातच लावला नाही. पोरांना मैदानात नेलं. भजनी मंडळात गाणारी एक पोरगी आहे वर्गात, तिला एका टोकाला उभी केली, बाकीची दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये चार पोरांना ढोल-ताशा घेऊन बसवलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग ती हळूहळू स्वतःच तोंड मोठं उघडून, मान सरळ करून, पोटातनं दम घेऊन गायला लागली, आवाज वाढवला असं नाही, आवाज टोकदार केला, आणि अचानक ताशाच्या वरनं तिचे शब्द आमच्यापर्यंत आले. तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी पोरांना जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या, आसपास असतो आणि पुढं कमी होत जातो, पण तयार ऑपेरा गायकाच्या, खास करून पुरुष गायकांच्या, आवाजात 3000 हर्ट्झजवळ एक उंचवटा असतो, आणि आपला कान नेमका त्याच भागात जास्त तीक्ष्ण असतो. म्हणजे गायक वाद्यांशी मारामारी करत नाही, वाद्यं जिथं कमी आहेत त्या फटीतनं आवाज काढतो. तालमीत जाणारा एक पोरगा लगेच म्हणाला, "सर, म्हणजे ताकद न्हाई, डाव हाय." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

तिसऱ्या तासाला 'मॅजिक फ्लूट'मधली रात्रीची राणी. नाव सांगितलं नाही, गोष्ट सांगितली नाही, चित्र बंद, फक्त आवाज. प्रश्न एकच, कोण कुणावर चिडलंय? शब्द जर्मन, कुणाला एक कळत नाही. पण पोरं गप्प झाली बघ. एक मुलगी म्हणाली, "आई पोरीला काहीतरी करायला लावतीय आणि पोरगी तयार नाहीय." अंगावर काटा आला मला, कारण तेच आहे ते! राणी स्वतःच्या मुलीच्या हातात सुरा देते आणि आपल्या वैऱ्याला, सारास्त्रोला, मार म्हणते, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस. आणि त्या रागात आवाज वर वर जात जिथं टोकाला पोचतो तिथं शब्दच संपतात, नुसते सूर उरतात, आपल्याकडं तान जिथं सुरू होते तसं. मग सांगितलं की हे 1791 साली व्हिएन्नात पहिल्यांदा झालं, राणीचं काम मोझार्टच्या मेव्हणीनं केलं, आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी मोझार्ट गेला, 35 व्या वर्षी. पोरं बराच वेळ काही बोललीच नाहीत.

पण खरा हिरो ठरला तो त्याच ऑपेरातला पापागेनो. पक्षी पकडणारा, पाच सुरांची बासरी वाजवणारा, भूक लागली की सगळं विसरणारा. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्या शिकानेडरनंच ते काम केलं आणि थिएटर कंपनीही तोच चालवायचा, हे सांगितल्यावर पोरांना केशवराव भोसल्यांची आठवण झाली, कारण आपल्या कोल्हापूरच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते केशवराव पण कंपनीचे मालक आणि मुख्य नटही.

मग मी त्यांना तिकडंच घेऊन गेलो, खासबाग मैदानाच्या बाजूला. ऑगस्ट 2024 ची आग तुला माहिती आहेच, तेव्हा तू रात्री दोनला फोन केला होतास. शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर, 1915 चं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळावं, अजून ते आठवलं की घशाशी येतं. बाहेर उभं राहून पोरांना 1921 चा संयुक्त, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेला, 'मानापमान' सांगितला, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, आणि त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, 31 वर्षांचे. माईक नव्हता. नाटकाच्या चाली आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. तिथं उभं राहून ऑपेरा परका वाटतच नाही रे.

पण एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण "ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक" असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आपल्याकडं गद्य चालू असतं, मग पद येतं, परत गद्य. बऱ्याचशा ऑपेरात साधं बोलणंसुद्धा सुरात असतं, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात, आणि मन भरून आलं की गोष्ट थांबते आणि आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, सुरू होते. ('मॅजिक फ्लूट'मध्ये मात्र मधे मधे साधं बोलणं आहे, म्हणून ते आपल्याला जवळचं वाटतं.) दुसरं, आपला नट पद रंगवतो, आज दहा मिनिटं, उद्या वीस, आणि पट्टी स्वतःच्या गळ्याप्रमाणं घेतो. तिथं सूर संगीतकारानं लिहून ठेवलेला, म्हणून भूमिकाच आवाज बघून ठरते, सोप्रानोची भूमिका बासला मिळणार नाही. ती पहिल्या तासाची सगळी नावं इथं आल्यावर आपोआप कळली. आणि वन्स मोअर मात्र दोघांकडं सारखा! मोझार्टच्या 'फिगारो' या दुसऱ्या ऑपेराला 1786 मध्ये इतके वन्स मोअर मिळाले की बादशहा जोसेफनं हुकूम काढला, एकापेक्षा जास्त जणांनी गायची गाणी परत घ्यायची नाहीत. पोरांना हे लई आवडलं.

शाळेत एका सरांनी विचारलंच, आपलं एवढं असताना हे बाहेरचं कशाला. मी त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचं सांगितलं. पुण्यात पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' बघून त्यांना वाटलं असं मराठीत का नको, आणि त्याच वर्षी, 1880 ला, 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं. आपलं जे म्हणतो ते सुद्धा कुणीतरी दुसऱ्याचं मन लावून ऐकल्यावरच झालंय. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या तासाला येऊन मागं बसले.

आता पोरांनी स्वतःचा सात मिनिटांचा ऑपेरा केलाय. विषय त्यांचाच, गंगावेशीचा दूध कट्टा. आईनं दूध आणायला पाठवलंय, पोरगा म्हशी बघत बसलाय, घरी पाहुणे खोळंबलेत. आईचं रागावणं रेसिटेटिव्हमध्ये, पोराचं म्हशीवरचं प्रेम आरियात, आणि कट्ट्यावर दूध प्यायला आलेली माणसं कोरसमध्ये मधे मधे सल्ला देतात. शब्द लिहिताना एक अडचण आली, शेवटी "दूध" ठेवलं की सूर लांबवताच येत नाही, ध वर तोंड बंद. मग पोरांनीच शोधलं की "दुधा" नाहीतर "दुधाला" घेतलं की आवाज उघडतो. इटालियन भाषेत बहुतेक शब्द स्वरावर संपतात म्हणून ती गायला सोपी, हे मी आधी सांगितलं होतं, पण कळलं ते आत्ता, त्या एका "दूध"मुळं.

स्नेहसंमेलनात करायचं चाललंय, माईक न लावता. हॉल मोठा आहे, मागच्या रांगेपर्यंत पोचेल का याची मला काळजी वाटते, पोरांना अजिबात नाही.

तुझ्याकडं एक काम आहे. पापागेनो आणि त्याची पापागेना शेवटी भेटतात तेव्हाचं ते "पा पा पा" वालं गाणं पोरांना जर्मनमध्येच म्हणायचंय, मराठीत नको म्हणतात. माझे उच्चार कच्चे. तर त्या ओळी तू हळू, एकेक शब्द तोडून वाच आणि व्हॉइस नोट पाठव, गाऊ नको, नुसतं वाच. मंगळवारी तास आहे, तोपर्यंत पाठवलीस तर बरं.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
बाळ्या