नेमके काय होते आहे

ओसाका,
18 जून

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर "मी अगदी ठीक आहे" असे म्हणाले, ते पूर्ण खरे नव्हते. आता खडखडीत बरी झाले आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहिते. तीन-चार दिवस बारीक ताप होता आणि अंग मोडून आले होते. त्या तापाचे एवढे काही नाही. पण आपल्याला काय होते आहे हे जपानी भाषेत सांगताना माझी जी तारांबळ उडाली, ती तुम्हाला कळवावी असे वाटले.

वर्गात आम्हाला पहिल्याच महिन्यात 'त्सुकारेता' हा शब्द शिकवला होता. त्याचा अर्थ 'दमले'. त्या एका शब्दाच्या भरवशावर मी मंगळवारी आमच्या विभागप्रमुखांपाशी गेले आणि शक्य तेवढ्या केविलवाण्या आवाजात 'त्सुकारेमाशिता' म्हणाले. त्यांनी मान लववून 'ओत्सुकारेसामा देस' असे उत्तर दिले आणि पुन्हा कामात डोके घातले. त्यांचा दोष नव्हता. जिन्यात कोणी भेटले, फोन उचलला, ईमेलची पहिली ओळ लिहिली किंवा संध्याकाळी घरी निघाले, की इथल्या कार्यालयांत हेच म्हणतात. त्यात 'तुम्ही दमला असाल' हा भाव असला, तरी आता तो निव्वळ नमस्कार झाला आहे. आपल्याकडे निघताना 'येतो' म्हणणाऱ्याला 'कधी?' असे कोणी विचारत नाही, तसेच हे. (याच अर्थाचा 'गोकुरोसामा' हा शब्द वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचा असतो, तो मी आल्या आल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ऐकवला होता, ते आठवले की अजून कान तापतात.)

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मात्र माझा चेहरा पाहून "शिन्दोई?" असे विचारले. हा ओसाका-क्योतोकडचा बोलीतला शब्द आहे. दमणे आणि बरे नसणे, दोन्ही त्यात मावते, म्हणून इथली माणसे तो सारखा वापरतात. दमण्याच्या बाबतीत या देशात दर काही कोसांवर भाषा बदलते. नागोयाकडे थकलेला माणूस 'एराई' म्हणतो, ज्याचा प्रमाण जपानीतला अर्थ 'थोर' असा आहे. उत्तरेला होक्काइदोत 'कोवाई' म्हणतात, आणि प्रमाण भाषेत त्याचा अर्थ 'भीती वाटते'! त्याच बाईंनी मला 'दारुई' हा शब्द दिला. काम केल्यामुळे येतो तो थकवा 'त्सुकारेता'. आणि काहीही न करता हातपाय जड होतात, उठावेसे वाटत नाही, ते 'दारुई'. म्हणजे आई, तू ज्याला 'अंगात कसकस' म्हणतेस, त्याच्या अगदी जवळचे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथे डॉक्टरांना भेटण्याआधी 'मोन्शिन्ह्यो' नावाचा प्रश्नांचा कागद भरून द्यावा लागतो. ताप 37.4, म्हणजे आपल्या मापाने 99.3. याला इथे 'बिनेत्सु', बारीक ताप, असा स्वतंत्र शब्द आहे, आणि एरवी तुमचे तापमान किती असते हेही विचारतात. इथवर निभावले. नंतर डॉक्टरांनी डोके कसे दुखते असे विचारले आणि माझी कोंडी झालेली पाहून स्वतःच पर्याय दिले: 'झुकिझुकि' की 'गांगां'?

बाबा, शाळेत तुम्ही माझ्याकडून अभ्यस्त शब्द घोटून घेतले होते, त्यातले अनुकरणवाचक शब्द आठवतात का? जपानीत त्यांचे भांडारच आहे, आणि दुखण्याची निम्मी भाषा त्यांच्यावर चालते. नाडीच्या ठोक्याबरोबर ठसठसते ते 'झुकिझुकि'. घण घातल्यासारखे डोके ठणकते ते 'गांगां'. मळमळते ते 'मुकामुका', गरगरते ते 'कुराकुरा', तापाआधी अंगावर शिरशिरी येते ती 'झोकुझोकु' आणि खरचटल्यावर चुरचुरते ते 'हिरिहिरि'. 'किरिकिरि' वाचून मला तान्ह्या बाळाची किरकिर आठवली, पण ती निघाली पोटात पीळ पडल्यासारखी तीव्र कळ. मला सर्वांत आवडला तो 'शिकुशिकु': पोट किंवा दात बारीक, पण सतत दुखत राहणे. कोणी मुसमुसत रडत असेल तरी हाच शब्द वापरतात.

हे सगळे शब्द मी एका संध्याकाळी पाठ केले, आणि त्याचे श्रेय आईचे आहे. इंग्रजीतून पाठ करू लागले तेव्हा चार शब्दांपुढे एकच 'पेन' लिहावे लागले आणि काही केल्या लक्षात राहीना. मग वही बाजूला सारून, लहानपणी तू कपाळावर हात ठेवून जे विचारायचीस ते आठवले: ठणकतंय, ठसठसतंय, चमकतंय, सलतंय की नुसतंच जड वाटतंय? एकेका जपानी शब्दाला त्यातला जोडीदार सापडत गेला. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना 'गांगां नाही, झुकिझुकि, आणि अंग दारुई' असे सांगितले, तेव्हा त्यांनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले. निघताना सगळे 'ओदाइजी नि' म्हणतात, म्हणजे 'जिवाला जपा'. विम्यामुळे बिलाचे 30 टक्केच मला भरावे लागले, म्हणून पैशांची चिंता नको.

इथली माणसे काहीही विचारले तरी 'दाइजोबु', म्हणजे 'ठीक आहे', म्हणतात. मी रविवारी तुमच्याशी तेच केले, आणि बाबा, तुम्ही गेले वर्षभर गुडघ्याच्या बाबतीत तेच करत आहात. विचारले की "वयोमानानुसार चालायचेच" एवढेच उत्तर मिळते. पुढच्या रविवारी मी पुन्हा विचारीन. तेव्हा गुडघा ठणकतो की सलतो, जिना चढताना चमक भरते की उतरताना, आणि रात्री झोपमोड होते का, एवढे कृपया नेमके सांगावे. आई, ते टाळू लागले तर फोन तू घे.

तुमची,
लेक